पान वीस कोपेकला

पान वीस कोपेकला.
कार्बन माझा, रिबन माझी, डोळेही माझेच.
वारलामसाहेब हस्तलिखित आणून देत
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासळी आणावी तसं,
आणि म्हणत, नाझिब्रोला,
स्वल्पविरामसुद्धा हलवू नकोस.
कुतायसीत तेव्हा टंकलेखन करणाऱ्या आम्ही पाचजणी.
स्वल्पविराम न हलवणारी, अशी माझी ख्याती.

कादंबरी चारशे पानांची.
ओतियाच्या घोड्याला नाव होतं, लुर्जा.
कुत्र्याला होतं, बोम्बोरा.
अंगणात पुरलेल्या द्राक्षारसाच्या रांजणांनासुद्धा
त्याचा आजा नावानं हाक मारी.
बायको तेवढी ‘ओतियाची बायको’.
एकशे अठरा वेळा. मोजलं मी,
पानामागे पैसे घेणाऱ्याला मोजायची खोड लागते.
ती भाकर भाजते, माफ करते, भाकर भाजते,
आणि तीनशे नव्वदाव्या पानावर
रिओनी नदीत शिरते,
म्हणजे ओतियाला उरलेली दहा पानं
काठावर उभं राहून थोर होता यावं.

त्या आठवड्यात माझं उजवं मनगट सुजलेलं.
कशानं, ते विचारू नका.
डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर दाबत होते.
इतकं सावकाश टंकलं की
माणूस वाचू लागतं.
तिथेच सगळं बिनसलं.

आमच्या लिपीत मोठं अक्षर नसतं.
राजाचं नाव आणि बटाट्याचं नाव
एकाच उंचीवर उभं राहतं.
आणि इया म्हणजे रानातलं जांभळं फूल,
मार्चमध्ये, बर्फ पुरतं वितळायच्या आत
कुंपणाखाली येतं ते.
इया हे बाईचंही नाव.

बाराव्या पानावर मी पहिल्यांदा बायकोला काढलं
आणि तिथे इया ठेवली.
‘इया दारात उभी होती.’
संपादकानं समासात लिहिलं: सुंदर.
‘इया रात्रभर जागी होती.’
संपादकानं लिहिलं: काव्यात्म!
‘ओतियानं इयाच्या तोंडात मारली.’
इथे त्यानं काहीच लिहिलं नाही.
त्याच्या घरीही फुलं असणार.

मग नदी.
आमच्या भाषेत तो आणि ती
दोघांना मिळून एकच शब्द, इस.
क्रियापदालाही ठाऊक नसतं
आत शिरणारं कोण आणि मागे उरणारं कोण.
साहेबांनी लिहिलं होतं,
ओतियाची बायको नदीत शिरली, परतली नाही.
मी दोन शब्द गाळले, एक घातला.
इस नदीत शिरलं,
परतलं नाही.

पुढच्या दहा पानांना बोट लावलं नाही.
साहेबांनी भारदस्तपणासाठी तिथे नाव वापरलंच नव्हतं.
काठावर उभं राहून
पाण्याकडे बघणारं, शाल झटकणारं,
उजाडताना घराकडे पाठ करून चालू लागणारं
जे कुणी होतं, तेही इसच.

छापून आलेलं पुस्तक लेखक वाचत नाहीत,
वजन करून बघतात.
साहेबांना कळलं ते पत्रांमुळे.
झेस्ताफोनीच्या भट्टीवरून, चियातुराच्या खाणीवरून
बायकांची पत्रं, वहीचा कागद फाडून लिहिलेली:
इया आता कुठे राहते?
तिला काम मिळालं का?
एकीनं तर मोज्यांचा जोड पाठवला, लोकरीचा,
नदीतून उठून चालत गेलीय, पाय गारठले असतील म्हणून.

साहेब माझ्या दारात आले, हातात मोजे.
ही इया कोण?
फूल आहे साहेब, म्हटलं.
ते बराच वेळ उभे राहिले.
समीक्षक तोवर शेवटाची वाखाणणी करून चुकले होते,
तेव्हा ओरडायचं कुठल्या तोंडानं?

मोजे माझ्याकडेच राहिले.
महिनाभरानं मी ते घालून
तिथून निघाले. बरोबर फक्त यंत्र, जड होतं,
दोन्ही हातांनी धरलं. मनगट बरं झालं होतं.

चारशे पानांचे ऐंशी रूबल होतात.
साहेबांनी साठच दिले.
म्हणाले, स्वल्पविराम हलवलास.

तो मात्र मी हलवला नव्हता.